वास्को

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या इमारतीच्या जिन्यातून एक वास खाली उतरायला लागतो. तिसऱ्या मजल्यावरून निघतो, दुसऱ्यावर माझ्या दाराशी जरा टेकतो आणि तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठाण मांडतो. डोंबिवलीतल्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत वीस वर्षं काढली की शेजाऱ्यांच्या घरातले वास पाठ होतात. बुधवारी पहिल्या मजल्यावर बोंबील तळले जातात, आमच्या समोरच्यांची खिचडी नेहमी जराशी लागते आणि चौथ्या मजल्यावरचं नवं जोडपं रोज रात्री अकराला मॅगी करतं. शनिवारच्या या वासाला मात्र गाव नसतं. वॉचमन मान वर करून दोनदा हुंगतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "आज कौन सा देश है?"

तिसऱ्या मजल्यावर आमचे वास्को राहतात.

हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. मसाल्याच्या पायी वणवण करणारा माणूस म्हणून सोसायटीच्या सभेत कुणीतरी त्यांना वास्को-द-गामा म्हणालं आणि ते त्यांना इतकं आवडलं, की ते आता फोनवरसुद्धा "वास्को बोलतोय" म्हणतात. त्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांवर आम्ही जरा जास्त जोर देतो, हे त्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. त्यांच्या शनिवारालाही आम्ही नाव ठेवलंय. पंचांगात करिदिन वर्षाकाठी मोजकेच येतात. आमच्या इमारतीत तो दर आठवड्याला येतो.

वास्को बँकेतून निवृत्त झाले. सगळा जन्म खतावण्यांत गेला. निवृत्तीनंतर अशा माणसांचं पुढे काय होतं ते ठरलेलं असतं. कुणी हास्यक्लबात जातो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, कुणी नुसतंच वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत बसतो आणि सरकार चालवतो. वास्को थायलंडला गेले. सात दिवस, सहा रात्री, मराठी माणसांची मराठी सहल. आता मराठी सहल म्हटल्यावर आचारीही बरोबर असणार. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री पिठलं-भाकरी आणि निरोपाच्या रात्री श्रीखंड-पुरी. बँकॉकला जाऊन आलेल्या या माणसाने तिथे थाई म्हणावा असा घास एकदाही तोंडात घातला नाही. परतीच्या विमानात मात्र समोरच्या खिशातल्या मासिकात त्यांना हिरव्या रश्श्याच्या वाडग्याचा एक फोटो दिसला. वास्कोंनी तो फोटो बराच वेळ पाहिला, पान हळूच फाडलं आणि पासपोर्टमध्ये घालून घरी आणलं. तिथून सगळं सुरू झालं.

आज त्यांच्या ओट्याच्या वरच्या फळीवर एक जाडजूड, लाल कापडी बांधणीची वही आहे. बँकेत असते तशी. तिला पाच रकाने: देश, तारीख, साहित्य, वेळ, शेरा. साहित्य ग्रॅममध्ये, तेही एका दशांशापर्यंत. वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा ओट्याच्या मधोमध, जिथे पूर्वी वहिनींची परात असायची तिथे. शनिवारी स्वयंपाकघरात उतरताना वास्कोंच्या कानावर पेन, खिशात चव घ्यायचा चमचा आणि वाफेने धुरकटलेला चष्मा कपाळावर. या थाटात त्यांना पाहिलं की कांदा चिरायला आलेत की कॅश टॅली करायला, कळत नाही.

त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो: ऑथेंटिक. हॉटेलात गेले की आधी वेटरची परीक्षा घेतात. "विंदालूत बटाटा घालता का?" तो बिचारा कौतुकाने "हो साहेब" म्हणाला, की वास्को खुर्ची मागे सारतात. "अहो, त्यात आलू नाही! पोर्तुगीज लोक वाईन आणि लसणात मांस मुरवायचे. विन्या दालयुश. त्याचं गोव्यात झालं विंदालू. तिथे वाईनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, पोर्तुगिजांनीच अमेरिकेकडून आणलेली मिरची आली. बटाटा कुठून आला?" वेटर मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर बटाटा काढून द्यायला तयार होतो. वहिनी तोवर शांतपणे पापड संपवतात.

खरेदीला ते रविवारी बाहेर पडतात. लालबागच्या मिरची गल्लीत जायचं तर चिंचपोकळीही चालतं, पण वास्को उतरणार करी रोडलाच. हे स्टेशन रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या आडनावावरून आहे, त्याचा रश्श्याशी काडीचा संबंध नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "साहेबाच्या पूर्वजांचा असेल!"

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्या गल्लीत शिरलं की माणूस आधी शिंकतो आणि मग बोलतो. दोन्हीकडे मिरचीची पोती, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. भाजणाऱ्या बायकांच्या पुढ्यात खोबऱ्याचे ढीग, मागे डंक्यांची धडधड. दुकानदाराने सवयीने विचारलं, "बोला काका. मालवणी, आगरी, की घाटी?"

"इथिओपियन," वास्को म्हणाले.

दुकानदाराने क्षणभर आमच्याकडे पाहिलं. मुंबईच्या दुकानदाराला कशाचं आश्चर्य वाटत नाही आणि वाटलं तरी ते तो गिऱ्हाइकाला दाखवत नाही. "यादी द्या," तो म्हणाला. वास्कोंनी वाचली: सुकी मिरची, धणे, मेथी, वेलची, लवंग, दालचिनी, मिरी, सुंठ, ओवा. तिकडे याला बर्बरे म्हणतात, कोंबडीच्या रश्श्यात घालतात, त्या रश्श्याला डोरो वट म्हणतात, हेही सांगून झालं. दुकानदार वजनं टाकता टाकता म्हणाला, "मेथी जास्त लिहिलीय काका. निम्मी करा, कडू होईल. ओव्याचं तुमचं तुम्ही बघा." आणि आतल्या डंकेवाल्याला ओरडला, "मालवणीच आहे रे, ओवा घालून!"

वास्को परतीच्या गाडीत कुर्ल्यापर्यंत बोलले नाहीत.

पण त्यांचा खरा परीक्षक लालबागला बसलेला नाही. तो घरातच आहे. वास्कोंची आई वयाने शहाऐंशी, मूळची मालवणची, दात गेलेले, जीभ शाबूत. इमारतीत तिला सगळे आजी म्हणतात. आता ती ओट्याशी उभी राहत नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि लेकाची जगप्रदक्षिणा बघते. प्रत्येक करीचा पहिला चमचा तिला. वहीतला शेवटचा रकाना तिच्यासाठीच आहे.

पहिली करी अर्थातच हिरवी, थाई. त्या पासपोर्टमधल्या फोटोची. आठवडाभर इमारत कामाला लागली होती. गवती पातीचे देठ हवेत म्हणून वास्को माझ्या बाल्कनीत आले आणि माझ्या चहाची कुंडी बुंध्यापर्यंत भादरून गेले. लिंबाची पानं चौथ्या मजल्यावरून आली. गलांगल नावाचं आल्यासारखं एक मूळ मात्र कुठे मिळेना. मॉलमध्ये नाही, भाजीवाल्याकडे नाही. वास्को हवालदिल. शेवटी ऑनलाइन मागवायचं म्हणून मोबाइलवर फोटो काढून बसले असताना आजीने मान लांब करून पाहिलं आणि आपल्या डब्यातून एक सुका तुकडा काढून पुढे केला. कुलिंजन. खोकला आला की ती दाढेखाली धरते. काष्ठौषधीच्या दुकानात दहा रुपयांना पुडी.

राहता राहिली कापी. जवळ्याच्याच जातीची बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून, कुटून केलेला हा गोळा. ती साडेसहाशे रुपयांना आली, तीन पिशव्यांत बांधलेली. वास्कोंनी तिसरी पिशवी उघडली आणि दहा मिनिटांत पहिल्या मजल्यावरचे शाकाहारी काका गॅस गळतोय का ते बघायला वर आले. आजीने डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "सुकट." तिच्या सुकटीचा डबा वहिनींनी त्याच वासापायी दोन वर्षांपूर्वी माळ्यावर टाकला होता. तो त्या रात्री खाली उतरला. वहिनींना बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

करी झाली. रंग फोटोतल्यासारखा, वर नारळाच्या दुधाची नक्षी. आजीने चमचा तोंडात घातला. आम्ही सगळे उभे.

"हो काढो," आजी म्हणाली. "माका ताप इलो नाय."

वास्को खिलाडू माणूस. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: काढा.

तेव्हापासून हे असंच चाललंय. वास्को गलबत घेऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि परत आल्यावर आजी त्यांना सांगते, की तू वेशीपर्यंतच गेला होतास. इथिओपियाचा तो कोंबडीचा रस्सा इन्जेरा नावाच्या मोठ्या, आंबवलेल्या, जाळीदार पोळीवर वाढतात आणि ती एकाच बाजूने भाजतात. तिथलं टेफ नावाचं धान्य नाही मिळालं, म्हणून वास्कोंनी नाचणी आंबवली. आजी म्हणाली, "आंबोळी. परतूक इसारलंस." मॉरिशसची पाळी आली तेव्हा वास्कोंनी आधी अर्धा तास तिथल्या माणसांविषयी सांगितलं: 1834 पासून मळ्यांवर राबायला नेलेले मजूर, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातली माणसंही, आज तिथे त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचे गणपती बसतात. ऐकताना आमचे डोळे पाणावले. मग त्यांनी करीबरोबर तिथली दालपुरी वाढली. डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून पोळीत भरलेली. वहिनींनी एक घास खाल्ला आणि त्यांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाल्या, "अहो, पुरणात गूळ घालायला विसरलात." थायलंडच्याच मसामान करीत बटाटा, चिंच, ताडगूळ आणि भाजलेले दाणे असतात. तिच्यावरही वहिनींचाच निकाल: "दाण्याची आमटी. कोंबडी तेवढी काढली तर उपासाला चालेल."

जपानी करीच्या दिवशी मात्र कडेलोट झाला. वास्कोंच्या मते करी हा खाण्याचा पदार्थ नव्हेच, ऐकण्याचा आहे. ताटं मांडली जातात, भात वाढला जातो, मध्ये वाफाळणारं भांडं येतं आणि वास्को डाव त्यावर आडवा ठेवून उभे राहतात. "आधी ऐका," ते म्हणाले. एकोणिसाव्या शतकात जपानने दारं उघडली, इंग्रजांच्या आरमारातली करी जपानी आरमाराने उचलली. इंग्रजांनी आपल्याकडून नेलेली करी ती, त्यामुळे तिच्यात लोण्यावर भाजलेला मैदा. आजही तिथल्या नौदलात शुक्रवारी करी असते, समुद्रावर वार कळावा म्हणून. "आता वाढा," कोणीतरी म्हणालं. "थांबा," वास्को म्हणाले, "रासबिहारी बोस राहिले." 1912 साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातले क्रांतिकारक रासबिहारी 1915 साली जपानला निसटले. तोक्योतल्या शिन्जुकूमधल्या नाकामुराया नावाच्या बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे त्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि 1927 साली त्याच नाकामुरायात त्यांनी अस्सल भारतीय करी सुरू केली. मैद्याच्या करीला तो त्यांचा जवाब होता. सांगता सांगता वास्कोंचा आवाज भरून आला. आम्ही उभे राहिलो. पोटात कावळे ओरडत होते, पण स्वातंत्र्यसैनिकाचा विषय म्हटल्यावर काय बोलणार? सगळं आटोपून डाव भांड्यात गेला तेव्हा करीवर साय धरली होती. वास्कोंनी तिच्यात सफरचंद किसून घातलं होतं आणि चमचाभर मध. तेही तिथल्या रिवाजाप्रमाणेच. दाट, पिवळसर, गुळगुळीत रस गरम भातावर पसरला.

आजीने भात कालवला. एक घास घेतला. दुसरा घेतला. आणि खरोखरच्या काळजीने विचारलं, "ही तर पिठी. कुळीद खंय गेले?"

त्यानंतर कितीतरी वेळ वास्को गॅलरीत एकटेच उभे होते. आतून आजीचा आवाज येत होता. ती आणखी पिठी मागत होती.

जेवताना गप्प बसून जेवायचं नाही, हा त्यांच्याकडचा दुसरा नियम. घास तोंडात असतानाच समोरून प्रश्न येतो, "काय लागतंय?" छान आहे, हे उत्तर धरत नाहीत. "मागून काही येतंय का? जिभेच्या कडेला? घशाशी?" माझा मेहुणा एकदा पाहुणा म्हणून आला होता, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "ठसका येतोय." वास्कोंनी लगेच नोंद केली. बिचारा पाण्यासाठी हात करत होता.

या सगळ्यात वहिनींचं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्या जिन्यात त्याची एक म्हणच झालीय: हे करी, वहिनी निस्तरी. इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातलं रेंदांग केलं त्या दिवशी चार नारळांचा रस निघाला, मटण त्यात दुपारी दोनला पडलं. त्याचं गमक असं, की नारळाचा रस आटत आटत तेल सुटायला हवं आणि मग त्याच तेलात मटण परतत काळपट व्हायला हवं. घाई करून भागत नाही. आम्हाला आठला बोलावलं होतं. नऊ वाजता चिवडा संपला, साडेनऊला कालचे लाडू संपले, पावणेदहाला सिलिंडर संपला. भरलेला सिलिंडर माळ्याखालच्या कोनाड्यातून वहिनींनी ओढत आणला, रेग्युलेटर वहिनींनी लावला. पातेल्याच्या बुडाशी लागलेला काळा थर सोमवारपर्यंत भिजत होता आणि तोही वहिनींनीच खरवडला. वास्को त्या वेळी वहीत 'वेळ' हा रकाना भरत होते. बाकी रेंदांग असं उतरलं होतं, की आजीसुद्धा फक्त "सुकां मटण" एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून ही पसंतीच.

एकदाच काय ते आजीला नाव सुचलं नव्हतं. त्या शनिवारी सकाळी वास्को माझ्या दारात आले आणि म्हणाले, "फावडं आहे का? स्वच्छ हवं."

मला वाटलं, टाकी साफ करायची असेल. पण 1747 साली लंडनमध्ये हॅना ग्लास नावाच्या बाईने स्वयंपाकाचं पुस्तक छापलं, त्यात हिंदुस्थानी पद्धतीची करी दिली आणि तीत धणे स्वच्छ फावड्यावर घालून विस्तवावर भाजायला सांगितले आहेत. "तवा चालणार नाही का?" मी विचारलं. "ऑथेंटिक राहणार नाही," वास्को म्हणाले. शेवटी सोसायटीच्या माळ्याचं फावडं आलं, तीन वेळा घासलं गेलं, चिंचेनं उजळलं गेलं. वास्को ते गॅसवर धरून उभे राहिले. दांडा लाकडी, त्यामुळे तो बाहेर पॅसेजपर्यंत आला. तो धरायला मी. धणे भाजले गेले, निम्मे उडून ओट्यामागे गेले. कोंबडी, कांदा, मिरीचे दाणे, धणे, थोडे तांदूळ, मीठ, लोणी. हळद नाही, मिरची नाही. माळी दारात उभा राहून आपल्या फावड्याकडे बघत होता.

आजीने चमचा ठेवून दिला. बराच वेळ विचार केला. मग वहिनींकडे वळून विचारलं, "आजारी कोण आसा?"

माळी दुसऱ्या दिवशी नवं फावडं मागायला आला. ते पैसे वास्कोंनी वहीत 'साहित्य' या रकान्यात लिहिले आहेत.

तर असे आमचे वास्को. वही एकेचाळीस देशांपर्यंत आली होती. बेचाळिसावा कुठला, यावर इमारतीत पैजा लागल्या होत्या. आणि तेवढ्यात फोन वाजला. बँकेतला जुना सहकारी, आता नाशिकला स्थायिक झालेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "अरे, तुझ्या डब्यात सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं यायचं बघ, आईच्या हातचं. आम्ही सगळे तुझ्या डब्यावर तुटून पडायचो. त्याची कृती पाठव ना. तू तर काय, जगाचा खानसामा!"

"आत्ता पाठवतो," वास्को म्हणाले आणि सवयीने वही उघडली. डोमिनिकापासून ब्रह्मदेशापर्यंत सगळं होतं. सांबारं नव्हतं. वहिनी साताऱ्याच्या, त्यांचं काळ्या मसाल्याचं वेगळं. साठ वर्षं जो पदार्थ पोटात गेला, त्यात नक्की काय असतं, ते या माणसाला सांगता येईना.

मग काटा, वही आणि पेन घेऊन ते आजीच्या खुर्चीसमोर पाटावर बसले. मी साखर मागायला गेलो होतो, तो तिथेच थांबलो.

"वाटाणे किती?"

"चौघांचे."

"खोबरं?"

"मूठभर."

वास्कोंनी स्वतःची मूठ भरून काट्यावर टाकली. आजी हसली. "तुजी न्हय. माजी." मग आजीची मूठ घेतली. सुरकुतलेला, हलका, जरासा थरथरणारा हात परातीत गेला आणि काट्यावर रिता झाला. एकेचाळीस ग्रॅम. खात्रीसाठी वास्कोंनी पुन्हा टाकायला लावली. अठ्ठावन्न.

"आई, एकच काहीतरी ठरव!"

"पयली मूठ चौघांची," आजी म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "आता हो पावणो इलो."

हिंग नखभर. काटा शून्यच दाखवत राहिला. वाटण कसं हवं, तर गंधासारखं. खोबरं किती भाजायचं, तर वास इलो की काढायचां. कुठला वास, ते आजीने सांगितलं नाही आणि वास्कोंनी विचारलंही नाही. एवढी वर्षं वासावरून नाव पडलेला माणूस तिथे गप्प बसला.

शुक्रवारी रात्री वाटाणे भिजले. शनिवारी सकाळी बाल्कनीतल्या तुळशीची कुंडी उचलली गेली आणि तिच्याखालचा पाटा बाहेर आला. वास्कोंनी थाई मसाल्यासाठी चार हजारांचा दगडी खल आणला होता. तो बाजूला सारला. पाट्यावर ओणवे होऊन त्यांनी कांदा-खोबऱ्याचं वाटण केलं. पाऊण तास. आजी खुर्चीतून सांगत होती, "आणखी." पाऊण तासाने त्यांना धरून उभं करावं लागलं.

संध्याकाळी वास जिन्यात उतरला, तेव्हा पहिल्यांदाच कुणी देश विचारला नाही. दारं आपोआप उघडली. पहिल्या मजल्यावरचे काका गॅस बघायला म्हणून आले आणि बसून राहिले. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याने त्या दिवशी मॅगी केली नाही. वास्को भाषण करायला उभे राहिले, पण डाव आडवा ठेवायची सवड आम्ही दिली नाही. आंबोळ्या येत होत्या, दोन्ही बाजूंनी भाजलेल्या. माझं तर मत असं आहे, की इतकं सुरेख काळ्या वाटाण्याचं सांबारं मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

पहिला चमचा अर्थातच आजीचा होता. तिने चव घेतली. डोळे बारीक केले. पुन्हा घेतली. मग वर पाहिलं आणि लेकाला विचारलं,

"ह्यां खंयच्या देशातलां रे बाबू?"

पण त्या रात्री आजीने तीन आंबोळ्या खाल्ल्या. एरवी ती एक खाते.

वहीतलं बेचाळिसावं पान मी परवा पाहिलं. तारीख आहे. साहित्य आहे, खोबऱ्यापुढे दोन वजनं आहेत, चौघांचं आणि पाहुणा आला तर. वेळ तीन तास चाळीस मिनिटं. शेरा: मीठ बरोबर. देशाचा रकाना अजून कोराच आहे.